बिनरिव्हर्सचा जावई

"हा दांडा ह्या कोपऱ्यात आणायचा न्हाई," दस्तगीर म्हणाला.

"का?"

"तितं काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजे?"

"म्हंजे विहीर हाय असं समज. पयला, दुसरा, तिसरा, चौथा. ह्या चार घरांत खुशाल फिर. पाचवं घर रिकामं हाय."

मी पिकअपच्या सीटवर बसलो होतो. सीट कसली, गोणपाटाच्या पोत्यात ठासून भरलेलं पिंजर. मडकी बाहेरगावी धाडताना फुटू नयेत म्हणून आम्ही कुंभार मधे भाताचं पिंजर भरतो, तेच आता माझ्या बुडाखाली होतं. दस्तगीर शेजारी उभा राहून, खिडकीतून हात घालून मला गिअर शिकवत होता.

"पाचवं घर कशाचं हुतं?"

"रिव्हर्सचं."

"म्हंजे गाडी मागं जाणार न्हाई?"

"तुला जायचंय कुठं? सासुरवाडीला न्हवं? मग ती फुडं हाय. मागं तुझं काय ठिवलंय?"

दस्तगीर फिटर माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं गॅरेज म्हणजे बाभळीचं एक झाड. त्याला इंजिनातलं पुष्कळ कळायचं आणि जे कळायचं नाही ते तो जास्त जोरात सांगायचा. आमची पिकअपही एका झाडाखालीच सापडली होती. एका दूधवाल्यानं टाकून दिलेली, चाकं मातीत रुतलेली, आत कोंबड्या. त्याच्या गोठ्याची सगळी कौलं मी भाजून दिली आणि बदल्यात गाडी ओढून आणली. गाडीबरोबर एक कोंबडीही आली. ती डॅशबोर्डच्या भोकात बसायची आणि कितीही हाकललं तरी परत तिथंच येऊन बसायची. दस्तगीर म्हणाला, राहू दे, तिला गाडीची आपल्यापेक्षा जास्त सवय आहे.

पुढं सगळं असंच झालं. पैसा नव्हता, माती होती. सायलेन्सरला भोक होतं, तिथं मी लीद मिसळलेल्या मातीचा लेप दिला. इंजिन तापलं तसा तो लेप भाजून निघाला, आमच्या भट्टीतसुद्धा इतकं पक्कं भाजत नाही. फक्त आवाज बदलला. घागरीत तोंड घालून कुणी खोकावं तसा आवाज यायला लागला. रेडिएटर गळत होता, त्यात दस्तगीरनं वाटीभर हळद ओतली. हळद पाण्याबरोबर फिरते आणि भोकात जाऊन बसते, म्हणाला. ती बसली, पण गाडी तापली की लग्नघरासारखा वास सुटायचा. हौद्याच्या फळ्या गाढवांच्या गोठ्याच्या दाराच्या. रंगाला पैसे नव्हते, तेव्हा माठाला देतो ती काव मी तेलात खलवली आणि गाडीला दिली. गाडी ताज्या माठासारखी तांबडी झाली. हात लावला की हात तांबडा व्हायचा, पण आपण होऊन कोण हात लावतंय.

हॉर्न नव्हता. त्यासाठी दस्तगीर सोबत येणार होता. त्याचा आवाज मोठा होता.

राहिला गिअरबॉक्स. तो भंगारातून मिळाला, आणि रिव्हर्स नव्हता म्हणूनच परवडला.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. माझी बायको मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी दोन गाढवं घेऊन तिला आणायला गेलो. एका गाढवावर अंथरूण-पांघरूण येईल, दुसऱ्यावर मालन बाळाला घेऊन बसेल, असा माझा हिशेब. माझे सासरे हैबतीमामा परसात उभे होते. जातीचे कुंभारच, पण वीटभट्टी काढून मोठे झालेले. मिशा अशा की बोलताना आधी त्या हलायच्या, मग शब्द यायचा.

त्यांनी गाढवांकडं बघितलं. मग मला हाताला धरून परसाच्या भिंतीशी नेलं.

"ही भिंत बगितली?"

"बगितली, मामा." साखरपुड्याला दाखवली होती. लग्नात दाखवली होती. बारशालाही दाखवली होती.

"भट्टीतली निवडक वीट हाय. एक जळकी खंगर न्हाई, एक कच्ची न्हाई. ह्या भितीवर कावळा बसला तरी मी उठिवतो. का?"

"का, मामा?"

"किंमत असती एकेका गोष्टीला. माझी नात गाढवावर बसून जायाची न्हाई. गाडी घेऊन या. सोताची. भाड्याची आणली तर मला टायर बगून कळतं. वैशाख संपायच्या आत या. फुडं अधिकमास लागतोय, त्यात पाठवणी न्हाई. मग आखाड. मग पाऊसपाणी. मग थेट दसरा."

"मामा, तुमी सोता गाढवांवर इटा वाहूनच—"

"म्हणून तर सांगतोय," ते म्हणाले, आणि विषय मिटला.

दाराआडून मालननं एवढंच म्हटलं, "अवो, तेवढं वैशाखाचं बगा." तिच्या खांद्यावरची पोर माझ्याकडं बघत होती. तिची माझी अजून धड ओळखही झाली नव्हती. दसऱ्यापर्यंत ती मला मामाच समजायला लागली असती.

तर वैशाख संपत आला तेव्हा आमची गाडी उभी राहिली, आणि अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी, दस्तगीर आणि कोंबडी.

रिव्हर्स नसलेली गाडी चालवणं अवघड नसतं. थांबण्याआधी विचार करावा लागतो, एवढंच. पेट्रोल पंपावर मी विचार न करता जरा पुढं गेलो. पंप मागं राहिला. पुढच्या गावात देवळाभोवती मोकळी जागा दिसली, तिथून वळसा घेऊन परत आलो, तर पुन्हा पंपापुढं गेलो, आणि तिकडून वळून येतानाही तेच झालं. दुसऱ्यांदा देवळाला वळसा घातला तेव्हा गुरव बाहेर आला आणि त्यानं खिडकीतून प्रसाद दिला.

"नवस हाय काय?" त्यानं विचारलं.

"तसंच समजा," दस्तगीर म्हणाला.

सासुरवाडीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वेशीजवळच्या माळावर मांडव होता, चुलवाणं पेटली होती, कर्ण्यावर सनई लागली होती. अधिकमासाच्या आधीची शेवटची तिथ, गावात लग्न असणारच. वेशीतून आत सरळ एकच बोळ जातो. दोन्ही बाजूंना दगडी जोती, आणि रुंदी एका गाडीपुरती. बोळाच्या त्या टोकाला मारुतीचं देऊळ, देवळाला लागून हैबतीमामांचं घर, आणि घराच्या परसापासून बोळाला आडवी गेलेली ती भिंत. भिंतीपाशी बोळ संपतो.

मी आत घातली. अर्धा बोळ गेलो असेन, तेवढ्यात समोरून बँड आला.

बँडमागं घोडी, घोडीवर नवरदेव, नवरदेवामागं वऱ्हाड. मारुतीच्या पाया पडून मांडवाकडं निघालेलं. आणि सगळ्यांच्या पुढं, फेटा बांधून, वाट दाखवत, हैबतीमामा. नवरी त्यांच्या भावकीतली होती, म्हणून मुलाकडच्यांना मानानं मांडवात नेण्याचं काम त्यांच्याकडं.

बँड थांबला. मी थांबलो. गाडीचा पुढचा बंपर आणि ढोल यांच्यात हातभर अंतर राहिलं. इंजिन मी चालूच ठेवलं, कारण बंद केलं की चार माणसांनी ढकलल्याशिवाय ते परत चालू होत नसे.

हैबतीमामा खिडकीशी आले.

"आलासा?"

"आलो, मामा."

"सोताची?"

"सोताची."

त्यांनी वाकून टायर बघितला. समाधान झालं असावं. "बरं झालं. आता मागं घ्या."

मी दस्तगीरकडं बघितलं. दस्तगीर काचेवरच्या तड्याकडं बघत होता.

"मामा," मी म्हणालो, "त्याचं असं हाय—"

"मागं जायाची न्हाई," दस्तगीर म्हणाला.

"का?"

"नेम हाय."

"कसला नेम?"

"आमच्याकडं जावई पयल्यांदा सोताच्या गाडीतनं सासुरवाडीला आला, की सासऱ्याच्या उंबऱ्याला चाक लावल्याबिगर मागं फिरत न्हाई. फिरला तर गाडी लाभत न्हाई."

"ह्यो नेम कुणात हाय?"

"कुंभारात."

"मी कुंभारच हाय," हैबतीमामा म्हणाले.

दस्तगीर सीटवर पुढं सरकला. "तुमच्या अंगाला गाड्या उशिरा आल्या, मामा. आमच्याकडं आधी आल्या."

तोवर मागून एक किडकिडीत गृहस्थ पुढं आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात बंद छत्री. हे नवरदेवाचे मामा.

"काय झालं, हैबतराव?"

"काय न्हाई. आमचं जावई आल्यात."

"मग त्यांना म्हणावं, मागं घ्या. आमचा नवरदेव मागं जाणार न्हाई. मारुतीला पाठ करून निघाला, की मांडवापातूर माघार न्हाई. तुमच्याच गावचा नेम. सकाळी तुमीच सांगितला."

"सांगितला," हैबतीमामा म्हणाले.

"पयल्याच दिशी आमच्या पोराला माघार घ्याया लावली, तर आमी गावाकडं जाऊन काय सांगायचं?"

हैबतीमामांनी एकदा घोडीवरच्या जावयाकडं बघितलं, एकदा गाडीतल्या. घोडीवरचा जावई बाशिंगाआडून काही बोलत नव्हता. तो अगदी कोवळा पोरगा होता आणि त्याला घोडीचीच भीती वाटत होती. गाडीतला जावई मी, आणि मला घाम फुटला होता. गाडीला रिव्हर्स नाही असं आत्ता कबूल केलं असतं, तर अख्ख्या वऱ्हाडासमोर हैबतीमामांच्या मनातलंच खरं ठरलं असतं: हा गाढवांवरच बरा होता. आणि मग दसरा.

कुणीतरी मागून म्हणालं, "ढकलून न्या की मागं."

"ढकलली तरी नेम मोडतोच," दस्तगीर म्हणाला. "नेम काय इंजनाचा हाय? चाकाचा हाय."

माळावरच्या कर्ण्यातून सनई बंद झाली आणि भटजींचा आवाज आला. "मुहूर्त जवळ आला आहे. नवरदेवाला ताबडतोब मांडवात आणावं." थोडं थांबून, "हैबतराव, ऐकताय ना?"

हैबतीमामा ऐकत होते. त्यांच्या मिशा नुसत्याच हलल्या. मागून वऱ्हाड रेटलं, तसे बँडवाले कडेला झाले आणि घोडी बंपरपाशी येऊन ठेपली.

आणि तेवढ्यात हळदीचा वास सुटला.

दस्तगीर खाली उडी मारून पुढं पळाला, पण त्याचा हात पोचायच्या आधीच रेडिएटरचं झाकण उडालं. पिवळ्या वाफेचा लोट उठला, आणि त्याबरोबर डॅशबोर्डमधली कोंबडी ओरडत खिडकीतून बाहेर पडली ती थेट ढोलवाल्याच्या टोपीवर. घोडी आधी वाफेला बुजली, मग कोंबडीला. मागचे पाय रोवून ती जागीच वाकली आणि तिनं पाठ अशी काही झटकली की नवरदेव तिच्या मानेवरून घसरत आला आणि बसल्या बसल्या माझ्या बॉनेटवर उतरला.

वाफ विरली. नवरदेव तिथंच बसून होता. बाशिंग एका कानावर, कट्यार हातात, आणि कपड्यांवर पिवळे शिंतोडे.

"आगं बया," करवली म्हणाली, "दादाला परत हळद लागली की."

"भाजलं न्हाई न्हवं?" मी विचारलं.

"न्हाई," नवरदेव म्हणाला. त्याचा तो पहिला शब्द. "बूड तेवढं तापतंय."

नवरदेवाचे मामा छत्री उगारून पुढं आले, पण दस्तगीरनं दोन्ही हात वर केले.

"एक मिनिट. मला सांगा, हे कुठं आलं? घोडीच्या मागं का फुडं?"

सगळ्यांनी बघितलं.

"फुडं," ढोलवाला म्हणाला.

"मग माघार झाली का?"

नवरदेवाच्या मामांनी छत्री खाली घेतली. त्यांना नाही म्हणता येईना. हैबतीमामांनी बॉनेटकडं बघितलं, टपाकडं बघितलं, मागच्या हौद्याकडं बघितलं. भट्टीच्या कामावर माणसं लावतात त्या आवाजात ते म्हणाले, "मग आता खाली उतरवू नगा. वरनं घ्या. नेम नवरदेवाला हाय, घोडीला न्हाई."

दस्तगीरनं पळत जाऊन मागचा फाळका पाडला. नवरदेवाला हाताला धरून टपावर चढवला, टपावरून हौद्यात घेतला, हौद्यातून फाळक्यावरून खाली. एकही पाऊल मागं न टाकता तो मांडवाच्या बाजूला उभा राहिला. मग करवली कलश घेऊन गेली. मग नवरदेवाच्या बाजूनं लागतात ती सगळी माणसं. मग बँड. बँडवाल्यांना खरं तर काही नेम नव्हता, पण ते म्हणाले, मानानं निघालोय तर मानानंच जाऊ. ढोलवाला टपाच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं जोशात एक टिपरी हाणली. टप खाली आलं आणि माझ्या डोक्याला लागलं. ते टप पुन्हा कधी पूर्ण वर गेलं नाही.

बाकीच्या बायका काही चढेनात. त्या घोडीला धरून मारुतीपर्यंत माघारी गेल्या, देवळामागच्या पायवाटेनं शेताशेतातून माळावर आल्या, आणि टपावरून गेलेल्यांच्या आधी मांडवात पोचल्या.

सर्वांत शेवटी हैबतीमामा. अंगानं भारी माणूस. बॉनेटवर चढून ते उभे राहिले आणि काचेतून खाली माझ्याकडं बघू लागले. माझा हात गिअरच्या दांड्यावर होता. त्यांनी त्या हाताकडं बघितलं, दांड्याकडं बघितलं, परत माझ्या तोंडाकडं. मी नमस्कार केला. डोक्यावरून पावलांचा आवाज गेला, टप आणखी जरा खाली आलं.

बोळ मोकळा झाला. मांडवाकडं चाललेल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांवर माझ्या गाडीची काव लागली होती. मागून बघितलं तर सगळे एकाच घसरगुंडीवरून आल्यासारखे दिसत होते. हैबतीमामांच्या धोतराला मागं दोन मोठे तांबडे गोल. नवरदेवाच्या मामांचं तर विचारूच नका.

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढं नेली आणि चाक सासऱ्यांच्या उंबऱ्याला लावलं.

मालन पोरीला घेऊन बाहेर आली. तिनं गाडीला एक फेरी मारली. बोट लावून बघितलं.

"रंग हाताला लागतोय."

"नव्या माठाला बी लागतो."

"माठात पोरीला घालून न्यायचं न्हाई." मग आत डोकावून, "आणि ह्या भोकात अंडं कुणाचं?"

"कोंबडीचं. गाडीसंगं आली."

"आणि कोंबडी कुठाय?"

"लग्नाला गेली."

मालन हसली नाही. पण तिनं गाठोडं आणून सीटवर ठेवलं. बायकोनं गाठोडं ठेवलं की अर्धं काम झालं, असं मला वाटलं.

लग्न लागलं, जेवणं झाली. उन्हं कलली तसा मी पाठवणीचा विषय काढायला घराकडं आलो, तर ओट्याओट्यांवर माणसं पान खात बसलेली. मधोमध नवरदेवाचे मामा. धोतर तसंच तांबडं, त्याच्यावर ठेवलेली छत्री.

"या, या," ते मला म्हणाले. "आता नेम संपला न्हवं? चाक उंबऱ्याला लागलं. फुडं तर भित हाय. तवा गाडी आता मागंच जायाची. आमच्या पोराला तुमच्या गाडीवरनं चढून जावं लागलं, ती गाडी मागं कशी जाती ते बगूनच आमी उठणार."

"बगा की," हैबतीमामा दारातून म्हणाले. "माझा जावई काय भितो?"

मी गाडीत जाऊन बसलो. दस्तगीर चाक तपासायच्या निमित्तानं गाडीखाली गेला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. चार पोरांनी धक्का दिला तसं इंजिन खोकत चालू झालं आणि बंपर उंबऱ्याच्या बाजूनं भिंतीपर्यंत गेला. आता पुढं वीतभरही जागा नव्हती. मी दांडा त्या कोपऱ्यात नेला. का नेला, मलाही माहीत नाही. विहिरीत दगड टाकून बघतात तसा. कुठंच काही लागलं नाही.

हैबतीमामा खिडकीशी आले. कोपर खिडकीवर टेकवून, ओट्यावरच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलले.

"पावणं, माझ्या भट्टीवर ट्रक येत्यात. डायवरला मागं घ्यायचा कटाळा असला, की त्यो शिव्या देतो. गिअर नसला, की नेम सांगतो."

मी दांड्यावरचा हात काढून घेतला.

"न्हाई ना?"

"न्हाई, मामा."

"आन् असल्या गाडीत माझी पोर आन् नात बसवणार? जी मागं येऊ शकत न्हाई?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "मामा, तेवढं एक बरं हाय. पोरगी न्यायची सोय हाय. मागं आणून सोडायची न्हाई."

त्यांच्या मिशा हलल्या. बराच वेळ हलल्या. मग ते घरात गेले. मी मालनचं गाठोडं सीटवरून उचलून खाली ठेवायला घेतलं. दसरा म्हणजे दसरा.

हैबतीमामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती. मला वाटलं, माझ्यासाठीच. दस्तगीरलाही तसंच वाटलं असावं, कारण तो गाडीखाली आणखी आत सरकला. पण मामा गाडीला वळसा घालून पुढं गेले, भिंतीपाशी थांबले, हातानं एक वीट चाचपली, आणि वरच्या थरात पहार घातली.

पहिली वीट पडली. ओट्यावरचं पान चघळणं थांबलं.

"हैबतराव," नवरदेवाचे मामा उठून उभे राहिले, "हे काय?"

"भट्टीला जायाला हितनं वाट काढायची हुती," हैबतीमामा म्हणाले. "लई दिस मनात हुतं. आज दिस चांगला हाय. गाडी बी दारात हाय, तर आता पडझडीचं राबिट काढून टाकतो. जावईबापू, हौद्यात उभं ऱ्हावा. इटा झेला."

मी हौद्यात उभा राहिलो. ते पाडत होते, दस्तगीर बाहेर येऊन उचलून देत होता, मी रचत होतो. घामानं त्यांच्या सदऱ्यावरची काव ओघळत होती. एकही वीट वाया जाऊ दिली नाही. मधे एकदा एक वीट हातात घेऊन त्यांनी ती ओट्याकडं धरली.

"बगितली? एक खंगर न्हाई."

ओट्यावर सगळे गप्प बसले होते. नवरदेवाचे मामा एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

गाडी जाईल एवढी वाट झाली, तेव्हा मामांनी पहार खाली ठेवली. मालनला सीटवर बसवलं. नातीला तिच्या मांडीवर दिलं. पोरीच्या कपाळाला त्यांचा अंगठा लागला आणि काव उमटली, ती त्यांनी पुसली नाही.

"ह्या इटांची पोरीला न्हाणी बांधा," मला म्हणाले. "आन् पेट्रोल पंपावर जरा आदी थांबत जावा. गुरव माझा वळखीचा हाय."

मी पहिला गिअर टाकला. भिंतीच्या पलीकडं नांगरलेलं रान होतं. गाडी ढेकळांतून हेलकावे खात निघाली. हौद्यात विटांवर दस्तगीर बसला होता. कोंबडी आली नव्हती, ती तिकडंच राहिली आणि पुढं हैबतीमामांच्या घरची झाली.

जरा पुढं गेल्यावर मालननं विचारलं, "आबांनी भित कशापायी पाडली म्हणालं?"

"भट्टीला वाट पायजे म्हणालं."

मालन हसायला लागली. एवढी हसली की पोर जागी होऊन रडायला लागली. काय झालं म्हणून विचारलं तर मान हलवायची आणि परत हसायची. मला काही कळेना, आणि मागं वळून बघायची तर आमच्या गाडीत पद्धतच नव्हती.

पुढच्या दिवाळीला दस्तगीरनं रिव्हर्स बसवून दिला. आता ती गाडीही नाही आणि दस्तगीरही नाही. न्हाणी आहे. त्या दिवशी मालनच्या मांडीवर होती ती पोर पुढं शाळेत बाई झाली, आणि माझे केस पिकल्यावर तिनंच मला पाटी धरायला लावली. तिच्या अक्षरओळखीच्या वर्गात सगळ्यांत मागच्या बाकावर मी बसायचो, म्हणजे कुणी बघायला नको.

हैबतीमामा जाऊन बरीच वर्षं झाली. जिवंत होते तोवर त्यांनी ती भिंत परत घातली नाही. तिथून शेळ्या जातात, पोरं जातात. परक्या माणसानं विचारलं, ही वाट कसली, तर गावातलं कुणीही सांगतं, भट्टीची.

भट्टी गावाच्या उगवतीला होती, वेशीबाहेर, मांडव होता त्याच्याही पलीकडं. भिंत मावळतीला. त्या दिवशी ओट्यांवर पान खात बसलेल्या एकूण एक माणसाला ते माहीत होतं. त्यांतली निम्मी त्याच भट्टीवर कामाला होती.